कंपनीच्या कारभाराच्या चौकशीचा सरकारी आदेश : न्यायालयाने नेमके काय तपासावे?

दप्तरदार (धाग्याचे मूळ लेखन)

केंद्र सरकारने एखाद्या कंपनीच्या कारभाराची चौकशी करण्याचा आदेश काढला की कंपनी उच्च न्यायालयात धाव घेते आणि तिथे दोन ठरलेले युक्तिवाद समोरासमोर येतात. सरकारी वकील सांगतात की चौकशी ही केवळ वस्तुस्थिती शोधण्यासाठी असते, तिने कोणाचा हक्क हिरावला जात नाही, तेव्हा न्यायालयाने इतक्यातच हात घालू नये. कंपनीचे वकील सांगतात की आदेशात कारणच दिलेले नाही, कायद्यातले शब्द जसेच्या तसे उतरवून खाली सही ठोकलेली आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच न्यायालयाने नेमके काय तपासायचे हा प्रश्न इतकी वर्षे मिटलेला नाही. या धाग्यात चर्चा तेवढ्याच प्रश्नाची व्हावी. अमुक कंपनी चोर की साव, याची चर्चा इथे नको.

सुरुवात बेरियम केमिकल्सच्या खटल्यापासून करावी लागते. आंध्र प्रदेशात कोठागुडेमजवळ बेरियमची संयुगे तयार करण्याचा कारखाना या कंपनीने काढला होता आणि त्यासाठी एका ब्रिटिश कंपनीशी सहकार्याचा करार केला होता. कारखाना रखडला, तोटा वाढला, काही संचालकांनी राजीनामे दिले आणि सरकारकडे तक्रारी केल्या. १९ मे १९६५ रोजी सरकारचे या कायद्याखालचे अधिकार वापरणाऱ्या कंपनी लॉ बोर्डाने १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम २३७(ख) खाली चौकशीचा आदेश काढला. कंपनीचा व्यवहार कपटाच्या हेतूने चालला आहे, किंवा व्यवस्थापनातील माणसांनी कंपनीशी वा भागधारकांशी कपट अथवा गैरवर्तन केले आहे, असे सुचवणारी परिस्थिती आहे असे केंद्र सरकारचे मत झाल्यास त्याला चौकशी लावता येते, असा त्या तरतुदीचा सारांश होता.

आदेशात कारणे नव्हती. ती पुढे आली बोर्डाच्या अध्यक्षांनी न्यायालयात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रातून, आणि सगळा खटला तिथेच फिरला. त्यात चार गोष्टी सांगितल्या होत्या. नियोजन सदोष असल्याने प्रकल्पाला उशीर झाला आणि दुप्पट खर्च पडला. सततच्या तोट्याने भांडवलाचा एक तृतीयांश भाग नाहीसा झाला. शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या निम्म्यावर आला. आणि व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यपद्धतीशी मतभेद होऊन काही प्रतिष्ठित मंडळी संचालक मंडळातून बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयातील न्या. हिदायतुल्ला, न्या. बछावत आणि न्या. शेलत यांनी हे चारही मुद्दे वाचून एवढेच विचारले, की यात कपट कुठे आहे? उशीर, तोटा, भावातली घसरण आणि मतभेद यांवरून कारभार ढिसाळ होता असे फार तर म्हणता येईल. ४ मे १९६६ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने आदेश रद्द झाला.

या निकालातून जी कसोटी निघाली ती माझ्या मते आजही सर्वांत उपयोगी आहे. मत बनवणे हे सरकारचे काम. ते योग्य की अयोग्य, हे न्यायालय पाहत नाही. मात्र ज्या परिस्थितीवर ते मत उभे आहे ती खरोखर अस्तित्वात आहे का, आणि तिचा कायद्याने सांगितलेल्या कारणाशी काही संबंध पोहोचतो का, हे न्यायालय पाहते. १९६८ च्या डिसेंबरात रोहतास इंडस्ट्रीजच्या खटल्यात न्या. सिक्री, न्या. बछावत आणि न्या. हेगडे यांच्या पीठाने हीच वाट पक्की केली. तिथे दुसऱ्या एका कंपनीचे शेअर कमी भावाने विकल्याचा आक्षेप होता, आणि कंपनीच्या कारभाराशी निगडित असलेल्या एका उद्योगपतीविरुद्ध इतर कंपन्यांच्या संदर्भात आलेल्या तक्रारी होत्या. एवढ्या बळावर या कंपनीची चौकशी लावता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

आता प्रश्न असा, की २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यानंतर ही कसोटी कितपत टिकते?

हिशेबनीस

दप्तरदार, मांडणी नेटकी आहे, पण भिन्नमताला आपण एका आकड्यात गुंडाळलेत. सरन्यायाधीश सरकार आणि न्या. मुधोळकर यांचे म्हणणे मला तरी अधिक सरळ वाटते. कलमाची रचनाच अशी होती की सरकारचे मत हे 'अशी परिस्थिती आहे' या गोष्टीबद्दलच असायचे होते. म्हणजे परिस्थितीचे अस्तित्वसुद्धा मताच्याच कक्षेत येत होते. बहुमताने ते वाक्य मधोमध चिरले, अर्धे सरकारच्या पदरात टाकले आणि अर्धे स्वतःकडे ठेवले.

दुसरे असे, की मी अनेक वर्षे लेखापरीक्षण केले आहे. अफरातफर कधीही आपल्या नावाची पाटी लावून येत नाही. ती नेमकी याच रूपात दिसते : यंत्रे दोनदा खरेदी झालेली, प्रकल्पाचा खर्च फुगलेला, आणि ज्यांना आतले कळते अशी माणसे तोंडातून अवाक्षर न काढता बाहेर पडलेली. खर्च दुप्पट का झाला, हे पुस्तके उघडल्याखेरीज कळणार नाही, आणि पुस्तके उघडण्यासाठी आधी कपट दाखवा असे न्यायालय म्हणणार. मग चौकशी लावायची तरी कशाच्या जोरावर?

जाता जाता : न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर हे दोघेही पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तिथून आलेले दोघे या प्रश्नावर समोरासमोरच्या बाजूंना असावेत, याची मला गंमत वाटत आली आहे.

दप्तरदार

हिशेबनीस, व्याकरणाच्या अंगाने भिन्नमत अधिक नीट बसते हे मी मान्य करतो. पण त्या वाचनाचा शेवट कुठे होतो तेही पाहा. परिस्थिती आहे असे सरकारला वाटले, एवढेच पुरेसे ठरले, तर कलमात कपट, गैरवर्तन, भागधारकांपासून माहिती दडवणे अशी कारणे मोजून लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. संसदेने कारणे मोजून दिली, याचा अर्थ त्यांपलीकडच्या कारणांसाठी चौकशी लावू नये. ती मर्यादा पाळली गेली की नाही, हे कोणीतरी बाहेरून पाहिलेच पाहिजे.

आपला दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. मात्र बहुमताने कपटाचा पुरावा मागितला नव्हता. कपट सुचवेल अशी काहीतरी वस्तुस्थिती मागितली होती. 'खर्च दुप्पट झाला' आणि 'एकाच यंत्राची दोन बिले एकाच पुरवठादाराची आहेत, आणि तो पुरवठादार संचालकाचा नातेवाईक आहे' या दोन विधानांत जे अंतर आहे, तेवढेच न्यायालयाला हवे होते. दुसऱ्या प्रकारचे एक वाक्य जरी त्या प्रतिज्ञापत्रात असते तरी निकाल वेगळा लागला असता, असे माझे वाचन आहे.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहता येईल. तिथल्या १९४८ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६५(ख) ची भाषा आपल्या २३७(ख) च्या अगदी जवळची होती. तरीही १९७८ साली नॉर्वेस्ट होल्स्टच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने, चौकशी ही प्राथमिक पायरी आहे म्हणून कंपनीला कारणे कळवण्याचीही गरज नाही आणि आधी ऐकून घेण्याचीही नाही, असे ठरवले. म्हणजे ज्या कलमाचा साचा आपण तिकडून घेतला, त्याखालच्या आदेशांच्या पुनर्विलोकनात, म्हणजे न्यायालयीन तपासणीत, आपले न्यायालय बारा वर्षे आधीच त्यांच्यापेक्षा पुढे गेले होते.

कोरा कागद

मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. एक शंका आहे. मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की आदेशाची वैधता आदेशात दिलेल्या कारणांवरूनच ठरवायची; नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे पुरवता येत नाहीत. मग बेरियममध्ये न्यायालयाने प्रतिज्ञापत्रातल्या कारणांवर विचारच कसा केला? आज तसाच कारणांविना आदेश आला तर तो केवळ त्या एका दोषाने पडेल का?

सनदी

कोरा कागद, कायद्याने आदेशात कारणे लिहायला सांगितले असेल तिथे गिलचा नियम कडकपणे लागू होतो. चौकशीच्या कलमात तसे बंधन तेव्हा नव्हते. म्हणून बेरियममध्ये प्रतिज्ञापत्राकडे नवी कारणे म्हणून पाहिले गेले नाही. आदेशाच्या दिवशी सरकारसमोर काय होते, त्याचा पुरावा म्हणून ते वाचले गेले. फरक बारीक आहे, पण तोच निर्णायक आहे. आदेशानंतर जमवलेली सामग्री प्रतिज्ञापत्रात घातली तर ती चालणार नाही; आदेशाआधी फाइलवर असलेली सामग्री प्रतिज्ञापत्रातून दाखवली तर चालते.

मी प्रशासनात काम केले आहे, म्हणून फाइल कशी हलते ते सांगतो. बहुतेक प्रकरणांत सुरुवात कंपनी निबंधकापासून होते. २०१३ च्या कायद्याच्या कलम २०६ खाली तो माहिती मागवतो, कागद तपासतो आणि कलम २०८ खाली अहवाल पाठवतो. त्यावर प्रादेशिक संचालकांचे मत येते, मग मंत्रालयात टिपणी चढते. टिपणी जितकी वर जाते तितकी ती आखूड होत जाते. निबंधकाच्या अहवालात तीस पाने तपशील असतो, मंत्रालयाच्या टिपणीत त्याचे दोन परिच्छेद होतात, आणि आदेशात उरते ते 'सार्वजनिक हितासाठी आवश्यक आहे असे केंद्र सरकारचे मत झाले आहे' हे एक वाक्य. कंपनीच्या हाती फक्त ते वाक्य पडते. सामग्रीचा विचार झालाच नाही, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. आणि विचार झाला होता, असे अधिकाऱ्याला वाटणेही तितकेच स्वाभाविक आहे.

म्हणून न्यायालयाने मूळ अहवाल मागवावा. टिपणीवर थांबू नये.

छोटा भागधारक

आपण सगळे कंपनी आणि सरकार यांच्यातल्या कुस्तीबद्दल बोलत आहात. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

माझी बचत एका कंपनीत होती; नाव घेत नाही. ताळेबंद वेळेवर येईना, सर्वसाधारण सभा पुढे ढकलली जाई आणि पत्रांना उत्तर नसे. आम्ही काही भागधारकांनी तक्रार केली, तर कलम २१३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जा, असे सांगण्यात आले. त्यासाठी किमान शंभर सभासद हवेत किंवा एक दशांश मताधिकार हवा. देशभर विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी शंभर सह्या कशा जमवायच्या? अशा वेळी सरकारने स्वतःहून लावलेली चौकशी हाच आमचा खरा आधार असतो, आणि तिला स्थगिती मिळाली की त्या काळात कंपनीतले उरलेसुरले कुठे जाते ते कोणी विचारू नये. पुनर्विलोकनाची कसोटी जरूर कडक ठेवा, पण स्थगिती सहज मिळू देऊ नका.

सनदी

छोटा भागधारक, स्थगितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा कल आपल्या म्हणण्याच्या बाजूनेच आहे. सहारा समूहातील नऊ कंपन्यांच्या तपासाला दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती मे २०२२ मध्ये उठवली. शंभर सह्यांबद्दल एक दुरुस्ती : ती अट कलम २१३ च्या खंड (क) साठी आहे. खंड (ख) खाली 'इतर कोणीही व्यक्ती' अर्ज करू शकते. फक्त कपट, गैरवर्तन किंवा माहिती दडवणे सुचवणारी परिस्थिती न्यायाधिकरणापुढे मांडावी लागते. ताळेबंद आणि माहिती न मिळणे ही तक्रार त्या खंडात बसण्यासारखी आहे. सरळ उच्च न्यायालयात रिट करून चौकशी मागण्याचा मार्ग मात्र कठीण आहे. श्री रामदास मोटर ट्रान्सपोर्टच्या १९९७ च्या निकालात, कंपनी कायद्यात उपाय असताना भागधारकाने त्यासाठी रिटचा आधार घेऊ नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे.

दप्तरदार

सनदी यांनी कलम २१३(ख) चा उल्लेख केला, आणि मूळ लेखनाच्या शेवटी मी विचारलेला प्रश्न तिथेच येऊन टेकतो. त्यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण बेरियमचा दाखला देणाऱ्या अनेक याचिकांत हा बदल नीट लक्षात घेतला जात नाही असे मला वाटते.

जुन्या कायद्यात कपट सुचवणाऱ्या परिस्थितीची यादी आणि सरकारचे मत, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात होत्या. २०१३ च्या कायद्याने त्यांची ताटातूट केली. यादी गेली कलम २१३(ख) मध्ये, न्यायाधिकरणाकडे, आणि तिथे संबंधितांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक झाले. सरकारकडे राहिली कलमे २१० आणि २१२. त्यांत चौकशीची निमित्ते आहेत ती अशी : निबंधकाचा किंवा निरीक्षकाचा अहवाल, कंपनीने स्वतः केलेला विशेष ठराव, आणि सार्वजनिक हित. २१२ खाली गंभीर फसवणूक अन्वेषण कार्यालयाकडे, म्हणजे ज्याला सगळे एसएफआयओ म्हणतात त्याच्याकडे, तपास सोपवायचा असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या एखाद्या खात्याची विनंती हेही निमित्त पुरते. म्हणजे ज्या शब्दांना धरून बेरियमचे बहुमत उभे होते, ते शब्द सरकारच्या कलमांत आता नाहीतच.

यातून दोन वाटा फुटतात. एक अशी, की शब्दच गेले, तेव्हा कसोटीही गेली. सार्वजनिक हित कशात आहे ते सरकारने ठरवावे. ही वाट मला अजिबात पटत नाही. दुसरी अशी, की शब्द गेले तरी कसोटी राहते; मला तीच पटते. सार्वजनिक हित ही बेरियममधल्या यादीपेक्षा व्यापक कल्पना आहे, हे खरे. पण ती कोरी सनद नाही. कोणत्या वस्तुस्थितीमुळे या विशिष्ट कंपनीच्या कारभारात जनतेचे हित गुंतले आहे, एवढे तरी फाइलवरून दिसलेच पाहिजे. हजारो ठेवीदार असणे, सरकारी बँकांची मोठी कर्जे असणे, पैसा एकमेकांत फिरवणाऱ्या कंपन्यांची साखळी असणे, ही तशी वस्तुस्थिती झाली. नुसता तोटा ही झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली कलम २१२ च्या आदेशाचा विचार करताना बेरियम आणि रोहतासच्याच अंगाने तपासणी केली, हे मला योग्य वाटते.

शिवाय चौकशीचे परिणाम पूर्वीपेक्षा कितीतरी जड झाले आहेत. १९६५ चा निरीक्षक फार तर कागद मागवी, माणसांना प्रश्न विचारी आणि अहवाल देई. १९६० च्या राजा नारायणलाल बन्सीलाल यांच्या निकालात, निरीक्षकासमोर बोलावलेली व्यक्ती आरोपी नसते, म्हणून तिला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही, असे ठरले, ते याच समजुतीवर. आज एसएफआयओला अटकेचा अधिकार आहे. ती उपकलमे ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाली. फसवणुकीसाठी कलम ४४७ खाली दहा वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि २१२(६) मुळे जामिनासाठी जोड अटी (सरकारी वकिलांना विरोधाची संधी, आणि आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला वाटणे) ओलांडाव्या लागतात. 'चौकशी म्हणजे केवळ वस्तुस्थितीचा शोध' हे वाक्य २१० खालच्या चौकशीला अजूनही शोभते. २१२ खालच्या तपासाबद्दल ते उच्चारताना सरकारी वकिलांनी जरा अडखळायला हवे.

हिशेबनीस

शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, आणि त्यातूनच एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. २१० आणि २१२ यांना एकच कसोटी लावू नये. २१० साठी उंबरठा कमी ठेवावा, म्हणजे पुस्तके उघडता येतील. प्रकरण २१२ खाली न्यायचे असेल तर अधिक काहीतरी दाखवावे लागावे.

कोरा कागद

पण न्यायालये तसा फरक करताना दिसत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्झालॉजिक कंपनीची याचिका फेटाळली. तिथे कंपनीचा मुख्य आक्षेप हाच होता की २१० खालची चौकशी सुरू असताना २१२ खाली तपास सोपवण्याची गरज काय. न्यायालयाने एकीमुळे दुसरीला आडकाठी होत नाही असे धरले. मुदतीबद्दलही तीच गोष्ट. आदर्श समूहाच्या प्रकरणात आदेशात तीन महिन्यांची मुदत होती आणि ती उलटल्यावर अटक झाली होती. मार्च २०१९ मध्ये, त्याच प्रकरणातून आलेल्या राहुल मोदी यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, तिच्या समाप्तीने तपासाचा अधिकार संपत नाही, असे ठरवले. एकूण कल चौकशी चालू द्यावी असाच दिसतो.

सनदी

कल तसा आहे खरा. तरीही पुनर्विलोकन निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. उद्या न्यायालय फाइल मागवील, या एका धास्तीने निबंधकाच्या अहवालात चार वाक्ये जास्त लिहिली जातात. मात्र फाइल फक्त न्यायाधीशांपुढे मोहोरबंद लिफाफ्यात ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती या कसोटीच्या मुळावर येते. समोरच्या पक्षाने सामग्री पाहिलीच नाही, तर ती असंबद्ध आहे हे त्याने दाखवायचे कसे? माध्यमम ब्रॉडकास्टिंगच्या एप्रिल २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या रीतीवर कठोर टीका केली आहे. तो खटला वाहिनीच्या परवान्याचा होता, पण तर्क इथेही तंतोतंत लागू पडतो. तपासाला धोका पोहोचेल तेवढी नावे आणि खाते क्रमांक झाकून बाकीचा अहवाल कंपनीला द्यायला हरकत नसावी.

छोटा भागधारक

माहितीबद्दल आभारी आहे. २१३(ख) खाली अर्ज करण्याचा विचार आता गांभीर्याने करतो. एक विचारू का? समजा सरकारच्या आदेशाविरुद्ध कंपनीची याचिका तीन वर्षे पडून राहिली आणि मधल्या काळात तपास पूर्ण झाला, तर त्या याचिकेचे पुढे काय होते?

दप्तरदार

स्थगिती नसेल तर तपास थांबत नाही, त्यामुळे असे प्रसंग येतात. अहवाल सरकारकडे गेल्यावर कलम २१२(१४) खाली खटला भरण्याचा निर्देश देता येतो, आणि उपकलम (१५) नुसार तो अहवाल पोलिसांच्या अहवालासारखा मानला जातो. म्हणजे विशेष न्यायालयाने त्याची दखल घेतली की भांडण मूळ आदेशावरून सरकून आरोपांवर येते, आणि कंपनीचे लोक फौजदारी कारवाई रद्द करून घेण्याच्या मागे लागतात. अहवालाची प्रत उपकलम (१३) खाली न्यायालयाकडे अर्ज करून मिळवता येते. तक्रारदार म्हणून आपला संबंध दाखवता आला तर आपणही तो अर्ज करून पाहावा. आपल्या कंपनीच्या बाबतीत निबंधकाने आधी काय लिहिले होते, तेही कदाचित त्यातूनच प्रथम कळेल.